दिव्यांगांची समुद्रसफर: धक्का आधी, बोट शेवटी

दिवाळी झाली की दोन-तीन फोन ठरलेले. "आम्ही मंडळातर्फे बोट घेतोय. व्हीलचेअरवरच्या लोकांना समुद्रात फिरवून आणायचं, मोफत. काय काय लागेल?" मी एकच प्रश्न विचारतो: "कुठल्या धक्क्यावरून?" पलीकडे शांतता. बोटीचा रंग ठरलेला असतो, देणगीदाराचं नाव कुठे लिहायचं तेही ठरलेलं असतं. धक्का मात्र कुणी पाहिलेला नसतो.

मालवण तालुक्यात कर्लीच्या खाडीत आम्ही अशा सफरी काढतो. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट ही, की समुद्रात फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते धक्का आणि बोट यांच्यामधल्या तीन-चार मीटरांत. ते अंतर भरती-ओहोटीच्या हातात आहे, म्हणून सगळं नियोजन तिथून सुरू करून उलटं मागे यायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. क्रम मोडू नका.

टप्पा १: पहिली सफर जंगल जेट्टीवर

एक रुपया खर्च करण्याआधी चार-पाच दिव्यांग प्रवासी घेऊन जंगल जेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, खाडी ओलांडून या. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, जी जवळ असेल ती. मुंबईकरांना भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो आहे. गाड्या चढवण्यासाठी या बोटींचा पुढचा लोखंडी उतार थेट धक्क्यावर टेकतो, त्यामुळे खुर्ची ढकलत आत जाता येतं. उचलाउचल नाही.

दोन गोष्टी सांभाळा. गाड्या चढण्याच्या आधी आपल्याला आत घ्या, असं तिकिटाच्या खिडकीवरच सांगून ठेवा. आणि लोखंडी उतार जिथे काँक्रीटला टेकतो तिथे चार-पाच बोटं उंचीची कड असते. खुर्चीची पुढची छोटी चाकं तिथे अडकली की बसलेला माणूस तोंडावर पडतो. तिथे खुर्ची वळवून मागची मोठी चाकं आधी घ्यायची.

त्या पंधरा-वीस मिनिटांत बरंच कळतं: कोणाला डोलण्याची भीती वाटते, इंजिनाच्या आवाजाने कोण कासावीस होतं, तुमच्या कार्यकर्त्यांपैकी कोण न सांगता हात लावतो. शेवटचा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि आधी तोच सुधारायला हवा.

टप्पा २: फोनवरची चौकशी

प्रवाशाशी बोला. त्याच्या भावाशी किंवा संस्थेच्या अधीक्षकाशी बोलून भागत नाही. बोलायला त्रास असेल तर वेळ द्या, पण प्रश्न त्यालाच विचारा. "तुम्हाला काय झालंय?" हा प्रश्न आपल्या कामाचा नाही. कामाचे प्रश्न हे:

- खुर्ची हाताने ढकलायची की बॅटरीची? रुंदी किती, वजन किती?
- खुर्चीतून दुसऱ्या आसनावर कसे बदलता? उचललेलं चालतं का, कुठे धरलेलं चालत नाही?
- पाठ आणि मान स्वतःहून सावरता येते का?
- लघवीची पिशवी, नळी, डायपर यांपैकी काही?
- फिट येतात का? शेवटची कधी आली? गोळीची वेळ काय?
- पायांना, पाठीला चटका किंवा टोचलेलं कळतं का?

शेवटचा प्रश्न लोक हमखास गाळतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या पायाला संवेदना नसतील, तर इंजिनाच्या तापलेल्या झाकणाला पोटरी टेकून पाऊण तास गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. घरी गेल्यावर फोड दिसतो आणि तो भरायला महिने लागतात.

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांची वेगळी नोंद ठेवा. अशा व्यक्तीची लघवीची नळी पिळली गेली किंवा लाइफ जॅकेटचा पट्टा करकचून बसला, तर रक्तदाब अचानक भडकू शकतो. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम सुटतो. तेव्हा आडवं करायचं नाही. सरळ बसवायचं, पट्टे सैल करायचे, नळी तपासायची आणि धक्क्याकडे वळायचं. हे कागदावर लिहून तांडेलाजवळही, म्हणजे बोट चालवणाऱ्याजवळही, ठेवा.

दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रवाशांची खुर्ची नसते, म्हणून त्यांच्यासाठी तयारी लागत नाही असं समजू नका. दृष्टिहीन माणसाला बसण्याआधी बोटीची कड, कठडा, आसन आणि जॅकेटची चाप हाताने ओळखून घ्यायला दोन मिनिटं द्या. कर्णबधिर प्रवाशांबरोबर 'थांबा', 'खाली बसा', 'वळतोय' या तीन खुणा निघण्याआधी ठरवा. उन्हात तोंड फिरवून ओरडण्याचा काही उपयोग नसतो.

> तपासा: प्रत्येक प्रवाशाचं एक पान झालं का? ज्याचं पान नाही, तो त्या दिवशी बोटीत नाही. मग तो सरपंचांचा पाहुणा का असेना.

टप्पा ३: धक्का मोजा

एक दिवस पूर्ण काढा. टेप, खडू, वही आणि भाड्याने घेणार असाल ती बोट धक्क्याला लावून ठेवा. पहाटेपासून दर अर्ध्या तासाने धक्क्याची कड आणि बोटीची कड यांच्या उंचीतला फरक मोजून लिहा. हे दोनदा करा, एकदा भांगाच्या (चढउतार सर्वांत कमी) दिवशी आणि एकदा उधाणाच्या (सर्वांत जास्त). मोजमाप सकाळच्या भरतीचं घ्या, कारण आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात.

मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरांच्या वर चढतं-उतरतं. मालवणकडे फरक त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून अलिबागच्या कुणी सांगितलेला रॅम्प मालवणजवळच्या देवबागला लागू पडेलच असं नाही, आणि उलटही.

आता हिशेब. खुर्ची एकट्याने चढवता यावी अशी उताराची मान्य पद्धत १:१२, म्हणजे एक वीत उंचीला बारा वीत लांबी. फरक ३० सेंटिमीटर असेल तर रॅम्प ३.६ मीटर लागतो. पुढे-मागे दोन कसलेले मदतनीस असतील तर १:८ पर्यंत जाता येतं, म्हणजे २.४ मीटर. त्याहून तीव्र उतारावर मी कुणालाही चढवत नाही. फरक ६० सेंटिमीटर झाला की रॅम्पची लांबी दुप्पट होते आणि ते धूड धक्क्यावर मावतच नाही. म्हणून रॅम्प लांब करत बसू नका. फरक कमी असेल ती वेळ निवडा.

धक्क्यावर शेवाळ कुठपर्यंत आहे ते खडूने आखून ठेवा. त्या रेषेखाली चाक किंवा कुबडी टेकायची नाही. 'जपून चाललं की झालं' असं म्हणणारा गडी सगळ्यात आधी आपटतो.

टप्पा ४: तिथी ठरवा, तारीख नव्हे

मंडळं जागतिक दिव्यांग दिन म्हणून ३ डिसेंबर धरतात किंवा २६ जानेवारी. पाण्याला त्यातलं काही कळत नाही.

कोकणातला जुना हिशेब अजून चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, त्यामुळे नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यातूनच घ्यायची, पण महिन्याचा आराखडा बोटांवर मांडता येतो.

दशमी, एकादशी, द्वादशी या तीन तिथी मी उगाच निवडलेल्या नाहीत. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत कमी. त्याच दिवसांत भरती सकाळी येते, आणि सकाळी वारा जमिनीकडून, मंद असतो. दुपारकडे समुद्राचा वारा उठला की खाडीतसुद्धा लाट चढते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या तोंडावर आणि वर उधाणाची, त्यामुळे ते दिवस सोडूनच द्या.

भरती साधारण सहा तास चढते, पण सारख्या वेगाने नाही. एकूण चढावाचे बारा भाग केले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं पाणी वाढतं, आणि उतरतं तेही तसंच. म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास पाणी जवळपास थबकलेलं असतं. भांगाला चढउतार १.२ मीटर धरला तर त्या दोन तासांत फरक पडतो जेमतेम १० सेंटिमीटर. हेच दोन तास आपले.

त्यात काय बसतं? एक खुर्ची चढवून, बांधून, तपासून व्हायला सात मिनिटं धरा. चार खुर्च्या, अठ्ठावीस मिनिटं. पाण्यावर पंचेचाळीस. उतरायला वीस. बेरीज ९३ मिनिटं, हातात २७ मिनिटं शिल्लक. पाचवी खुर्ची घेतली तर ही शिल्लक अर्ध्यावर येते आणि एखादा पट्टा अडकला की संपलीच. म्हणून एका फेरीला चारच खुर्च्या. दिवसाला फेरीही एकच.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पाच महिने, दोन पक्ष, तीन तिथी: वर्षाला तीस सकाळी. त्यातल्या काही वारा खाणार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्याला लागतो.

एकादशीचा एक उपप्रश्न. अर्धे प्रवासी उपास करून येतात. रिकाम्या पोटी बोट हमखास लागते, आणि साबुदाण्याची तेलकट खिचडी खाऊन आलेल्याला त्याहून जास्त लागते. निघण्याआधी तासभर केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू एवढंच सुचवा. बोट लागू नये म्हणून गोळी घ्यायची असेल, तर फिटची किंवा इतर औषधं चालू असलेल्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच. धक्क्यावर गोळ्या वाटू नका.

टप्पा ५: बोट आणि कागद

तीस सकाळींसाठी बोट विकत घेऊ नका. उरलेले ३३५ दिवस तिला धक्का, राखण, इंजिनाची देखभाल आणि पावसाळ्यात ओढून वर ठेवायला जागा लागते. देणगी मिळते ती बोट घ्यायला. डिझेलला आणि रंगाला कुणी देत नाही. पहिले दोन हंगाम प्रवासी वाहतुकीची परवानगी असलेली बोट तांडेलासकट भाड्याने घ्या. तिसऱ्या वर्षीही माणसं येत असतील आणि खर्चाची सोय असेल, तर स्वतःच्या बोटीचं बघा.

निवडताना रुंद, सपाट तळाची, मध्ये मोकळी जागा असलेली बोट बघा. चार खुर्च्या आणि शेजारी माणूस उभा राहील एवढी मोकळी. छप्पर हवंच, कारण मानेखाली संवेदना नसलेल्या अनेकांना घाम येत नाही आणि अंग तापत जातं.

कागद मागताना लाजू नका. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या हद्दीतल्या बोटीची नोंदणी, चालू मुदतीचं सर्व्हे प्रमाणपत्र, विमा आणि तांडेलाचं प्रमाणपत्र या चारही गोष्टी डोळ्यांनी पाहा. सर्व्हे प्रमाणपत्रावर प्रवासीसंख्या आणि बोट कुठल्या हद्दीत चालवता येते तेही असतं. मासेमारीच्या बोटीत प्रवासी नेणं बेकायदा आहे, मालक कितीही ओळखीचा असला तरी. आणि मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत लहान प्रवासी बोटी बंद असतात, तेव्हा उन्हाळी शिबिराचे बेत त्याच्या आत आटपा.

आसनं काढणं, कड कापून दरवाजा करणं, रॅम्पसाठी लोखंड वेल्ड करणं, यांतलं काहीही सर्व्हेयरला न विचारता करू नका. बोटीचा तोल बदलतो आणि प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. बंदर निरीक्षकाला सफरीची तारीख, वेळ आणि माणसांची संख्या आधी लेखी द्या. त्या कार्यालयात चकरा मारण्यात एक सकाळ जाते, पण नंतर तोच माणूस धक्क्यावर दुसऱ्या बोटी बाजूला करून देतो.

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असावी आणि करसवलतीची नोंदणी देणग्या मागण्याआधीच झालेली असावी. देणगीदाराला पावती आज हवी असते, तुमचा अर्ज मंजूर होईल तेव्हा नव्हे.

> सावध: प्रमाणपत्रात ३० प्रवासी असले तरी आपले ३० नव्हेत. चार खुर्च्या, चार जोडीदार (प्रत्येक खुर्चीचा एक मदतनीस), दोन-तीन चालते प्रवासी आणि खलाशी. त्यापुढे एकही नाही.

टप्पा ६: रॅम्प

गावातला सुतार आणि वेल्डर मिळून चांगला रॅम्प करतात. त्यांना एवढं सांगा: आतली मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना चाक घसरू नये म्हणून तीन बोटं उंच कड, वर खरखरीत रबर, कोपऱ्यांना दोर ओवायला कड्या.

बॅटरीची खुर्ची शंभर किलोपर्यंत जाते, त्यात बसलेला माणूस आणि ढकलणारा. तेव्हा पहिल्या माणसाआधी रॅम्पच्या मध्यावर सिमेंटच्या सहा गोण्या ठेवा, म्हणजे ३०० किलो, आणि अर्धा तास तसाच राहू द्या. गोण्या काढल्यावर फळी सरळ झाली नाही तर रॅम्प परत सुताराकडे.

बांधणी इथे सर्वांत जास्त चुकते. रॅम्पची बोटीकडची बाजू घट्ट बांधायची, धक्क्याकडची मोकळी ठेवायची. बोट हलली की ते टोक धक्क्यावर पुढेमागे सरकलं पाहिजे, त्याखाली नळीचा रूळ बसवलात तर उत्तम. दोन्ही टोकं बांधली की बोटीच्या पहिल्या हेलकाव्याला रॅम्प पिळला जातो. बोटही नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) एक आणि मागून एक असे दोनच दोर लावून सोडू नका. तिरपे दोन दोर लावा, नाहीतर ती धक्क्याला समांतर सरकत राहते. मध्ये जुने टायर.

टप्पा ७: माणसं आणि सराव

धक्क्यावर एक प्रमुख आणि बोटीत तांडेल. चढताना-उतरताना आवाज फक्त प्रमुखाचा. 'थांबा' हा एकच शब्द कुणीही उच्चारू शकतं, प्रवासीसुद्धा, आणि तो ऐकला की सगळे हात थांबतात. सफर रद्द करण्याचा अधिकार तांडेलाचा, आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही.

प्रत्येक खुर्चीला एक ठरलेला जोडीदार. दोघांच्या मनगटाला एकाच रंगाची फीत. काही झालं तर मी कोणाला धरायचं, हा प्रश्न त्या क्षणी पडता कामा नये.

सराव रिकाम्या बोटीत नको, भरलेल्या बोटीत करा. कार्यकर्त्यांनी खुर्चीत बसायचं आणि स्वतःला रॅम्पवरून चढवून घ्यायचं. एकदा बसल्यावर मागून धक्का न देण्याची अक्कल आपोआप येते. शिवाय:

- खुर्ची उचलायची वेळ आलीच तर फक्त मुख्य सांगाड्याला धरायचं. हाताचे टेकू आणि पावलांच्या पट्ट्या निघून हातात येतात.
- बॅटरीच्या खुर्चीचा क्लच सोडला की ती ढकलता येते, पण तेव्हा तिला ब्रेकच नसतो. जागेवर पोचल्याबरोबर क्लच परत लावायचा आणि वीज बंद करायची.
- उतारावरून खाली जाताना खुर्ची उलटी, ढकलणारा खालच्या बाजूला.

पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेण्याचा सराव वेगळा करा. आपला प्रवासी शिडी चढू शकणार नाही, दोरही पकडू शकणार नाही. जाळ्याचा मजबूत दोन-तीन मीटरचा तुकडा घ्या, एक कड बोटीला बांधा, मधला झोळ पाण्यात सोडून माणसाखालून घ्या आणि दुसरी कड तिघांनी वर ओढा. माणूस लोळत, आडवा वर येतो. आमच्याकडे ही युक्ती तांडेलानेच काढली. मोठा मासा तो असाच घेतो.

टप्पा ८: सफरीची सकाळ

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉईस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. सकाळी धक्क्यावर उभं राहून पुन्हा बघा. खाडीच्या पाण्यावर पांढऱ्या शेंड्या दिसल्या तर परत जा. पन्नास किलोमीटरवरून माणसं आली आहेत, हे सफर काढण्याचं कारण होत नाही. अशा दिवसासाठी धक्क्याजवळ सावली, नाश्ता आणि वापरता येईल असं शौचालय हवं, म्हणजे सकाळ अगदीच फुकट जात नाही. शौचालयाची सोय नसेल तर पडद्याचा तंबू आणि कमोडची खुर्ची तरी हवीच.

नारळ, सत्कार, भाषणं सफरीनंतर. एका वर्षी प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा आले. त्यांच्यासाठी आम्ही बोट धरून ठेवली. तांडेल दोनदा म्हणाला, "पाणी काय सायबांसाठी रवाचा नाय." हार-तुरे होईपर्यंत पाणी उतरलं, रॅम्प घसरगुंडीसारखा झाला आणि बॅटरीच्या दोन खुर्च्या धक्क्यावरच राहिल्या. त्यातली एक मुलगी सोलापूरहून आली होती, समुद्र पहिल्यांदाच बघत होती. तिने पाहुण्यांबरोबरचा फोटोही काढू दिला नाही. बरोबर केलं तिने.

जॅकेट धक्क्यावरच घाला, बोटीत नको. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला निघालेल्या बोटीचा अपघात झाल्यापासून लोक जॅकेट अंगात घालतात खरे, पण खुर्चीवरच्या माणसाच्या बाबतीत तीन चुका होतातच:

१. जॅकेटचा पट्टा खुर्चीच्या पाठीमागून फिरवलेला. म्हणजे माणूस खुर्चीला बांधला गेला. पाण्यात खुर्ची त्याला खाली घेऊन जाईल. पट्टा फक्त अंगाभोवती.

२. जॅकेटवरून खुर्चीचा छातीपट्टा आवळलेला. छातीपट्टा लागतच असेल, तर एका झटक्यात सुटणारी चाप असलेला आणि जोडीदाराच्या हाताशी.

३. पाठीकडे जाड फोम असलेलं जॅकेट. बसलेल्याला ते पुढे ढकलतं आणि हनुवटीवर चढतं. पाठ पातळ, मानेला आधार आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या. बारीक पायांच्या माणसाचं जॅकेट त्या पट्ट्याशिवाय डोक्यावरून निघून जातं.

मग चढवणं. आधी चालते प्रवासी नाहीत, आधी सर्वांत जड खुर्ची. ती बोटीच्या मध्यभागी, तोंड नाळेकडे. नाळेपाशी आदळआपट जास्त, म्हणून तिथे खुर्ची नको. बाकीच्या दोन्ही बाजूंना तोल राखत. शेजारून दुसरी बोट गेली की तिची लाट येऊन ओसरेपर्यंत रॅम्पवर कुणी नाही.

खुर्चीचा ब्रेक पुरत नाही. टायर मऊ असतात, खुर्ची नाचते. ट्रकवाले माल बांधतात ते रॅचेटचे पट्टे घ्या आणि चार कोपऱ्यांतून सांगाड्याला बांधा. चाकाला किंवा टेकूला नाही.

> तपासा, दोर सोडण्याआधी: खुर्ची बोटीला बांधलेली, पण माणूस खुर्चीला बांधलेला नाही. पावलं पट्टीच्या आत. नळी पिळलेली नाही. तापणारं धातूचं काही अंगाला लागत नाही. डोकी मोजली, आकडा धक्क्यावरच्या वहीत लिहिला, परतायची वेळही लिहिली.

टप्पा ९: पाण्यावर

इथे सांगण्यासारखं फार नाही, आणि तसंच असायला हवं. वेग कमी, वळणं मोठी. खाडीतच राहा. देवबागकडे खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट तिथे एकमेकांना भिडतात आणि भिंतीसारखं पाणी उभं राहतं. भरतीला सोपं वाटणारं तेच तोंड तासाभराने परतू देत नाही. 'डॉल्फिन दिसतील, जरा बाहेर जाऊ' असा आग्रह होणारच. नाही म्हणायचं.

दर पंधरा-वीस मिनिटांनी खुर्चीवरच्यांनी अंगाचा भार बदलायचा, ज्याला जमत नाही त्याला विचारून जोडीदाराने मदत करायची. आमची गादी मऊ आहे, असं म्हणून हे टाळू नका. डोलणाऱ्या बोटीत कातडी जास्त घासते. पाणी पाजा, सावली बघा. पाण्यावरची चमक कुणाला त्रास देत असेल तर टोपी आणि काळा चष्मा. फिट आली तर घड्याळ बघा, कडेला वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर धक्क्यावर रुग्णवाहिका उभी हवी: १०८. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आणि वायरलेसचा चॅनल १६. खाडीत मोबाइलची रेंज कुठे जाते ते सरावाच्या दिवशीच बघून ठेवा.

आणि प्रवाशाला सुकाणू धरू द्या. मोकळ्या पाण्यात, तांडेल शेजारी उभा असताना, त्याने तशी हरकत नसल्याचं सांगितलं असेल तर. दृष्टिहीन माणूससुद्धा, 'थोडं डावीकडे' म्हटलं की, बोट वळल्याचं वाऱ्यावरून ओळखतो. फिरवून आणलेलं सामान आणि प्रवासी यांत एवढाच फरक आहे.

टप्पा १०: परतल्यावर

उतरताना घाई होते, कारण सगळे खूश असतात. बोट पूर्ण बांधून, रॅम्प लावून, प्रमुखाने हात वर करेपर्यंत एकही पट्टा सोडायचा नाही. उतरायचा क्रम चढण्याच्या उलट. डोकी पुन्हा मोजून वहीतल्या आकड्याशी जुळवा.

फोटो लावण्याआधी प्रत्येकाची परवानगी. उचलून घेतानाचा फोटो कधीच नको, मग देणगीदार कितीही हटून बसो.

खुर्च्यांची चाकं, बेअरिंग आणि पट्टे घरी जाण्याआधी गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडे करून तेल सोडा. खाऱ्या पाण्याने बेअरिंग आठ दिवसांत धरतं. आपल्या सफरीसाठी आलेल्या माणसाची रोजची खुर्ची आपण बिघडवून पाठवायची हे बरं नव्हे. रॅम्पचं रबर घासून उन्हात उभं करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला एक फोन. मजा आली का, हे नंतर विचारा. आधी विचारा: बैठकीवर, टाचेवर, पोटरीवर कुठे लाल डाग उमटलाय का, आणि दाबल्यावर तो जातो का? जात नसेल तर त्या जागेवर भार नको आणि डॉक्टरांना दाखवा. उत्तर त्या प्रवाशाच्या पानावर लिहा, पान फाइलला लावा, आणि पंचांग उघडून पुढची दशमी कधी ते बघा.